नावं ठेवायची, पण कुणाला? मैत्री-ध्यानाचा आठ आठवड्यांचा सराव

दुसऱ्याबद्दल झटक्यात मत बनवून मोकळं होण्याला मराठीत फार नेमका शब्दप्रयोग आहे: नावं ठेवणं. आगाऊ, आळशी, कंजूष, नाटकी. माणूस समोर उभा असतो, आपण त्याचं मनातल्या मनात बारसं उरकतो आणि पुढे माणसाशी न बोलता त्या नावाशीच बोलत राहतो. खरं बारसं आयुष्यात एकदा होतं. हे दिवसातून पन्नासदा.

ध्यानाला बसल्याने ही सवय जाते का? माझी गेलेली नाही. बरीच वर्षं बसते आहे, तरी डोंबिवलीच्या फलाटावर कुणी धक्का दिला की नाव तयार असतं. फरक इतकाच पडला, की नाव येताना दिसतं. पूर्वी ते जिभेवर आल्यावर कळायचं, आता कधी कधी छातीत असतानाच कळतं. त्या अर्ध्या क्षणात बरंच काही करता येतं, आणि तो अर्धा क्षण कसा मिळवायचा एवढ्यापुरताच हा लेख आहे.

माझी सुरुवात इगतपुरीला झाली. सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना तटस्थपणे पाहण्याचं ध्यान, शिकले, १९६९ साली त्यांनी भारतात शिबिरं घ्यायला सुरुवात केली आणि १९७६ साली इगतपुरीत धम्मगिरी उभं राहिलं. तिथलं शिबिर दहा दिवसांचं. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना आणि थेट दहाव्या दिवशी मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान. तोवर आर्य मौन: बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, नजरेला नजरही द्यायची नाही.

मला वाटलं होतं, कुणाशी बोलायचंच नाही म्हणजे कुणाबद्दल काही वाटायचा प्रश्नच मिटला. झालं उलटंच. शेजारच्या आसनावर एक बाई होत्या. दर दोन मिनिटांनी त्या पाय हलवायच्या, उसासा टाकायच्या, शालीची सळसळ करायच्या. तिसऱ्या दिवसापर्यंत मी त्यांचं नाव, गाव, स्वभाव, सुनेशी वागणं, सगळं ठरवून टाकलं होतं. एक शब्दही न बोलता. दहाव्या दिवशी मौन सुटलं, तेव्हा त्याच आपणहून माझ्याकडे आल्या आणि हसत म्हणाल्या, “ताई, राग मानू नका, पण तुमच्या नाकातून बारीक शिट्टी वाजते. दहा दिवस मी तीच ऐकत होते.”

त्या का हलत होत्या, हे मी विचारलं नाही. अशा गोष्टींमध्ये शेवटी समोरच्याचं काहीतरी दुःख उलगडतं, गुडघ्याचं ऑपरेशन किंवा घरातला मृत्यू, आणि मग आपल्याला वाईट वाटतं. पण समोरच्याकडे पटण्याजोगं कारण निघालं तरच माफी, असं असेल तर आपण न्यायाधीशाच्या खुर्चीतून उठलेलोच नाही, फक्त आरोपी सुटला. कारण कळलं नाही तरी चालावं, इथपर्यंत यायचं आहे.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करते

पुढचा क्रम मी माझ्यापुरता जुळवलेला आहे. श्वासाचा भाग बऱ्याच परंपरांत आहे. मनात आलेल्या गोष्टीला नाव देण्याची रीत ब्रह्मदेशातले भिक्खू महासी सयाडो (१९०४–१९८२) यांच्या परंपरेतली. मैत्रीचा क्रम बुद्धघोषाच्या ‘विशुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातल्या पाली ग्रंथातला. गोयंका गुरुजींच्या पद्धतीत विपश्यना करताना शब्द वापरत नाहीत, त्यामुळे तुम्ही त्या मार्गाने बसत असाल तर नाव देण्याचा भाग सोडा. बैठकीच्या शेवटी मैत्री करताच, तिथे पाचव्या आठवड्यापासूनचं उपयोगी पडेल.

दुसरं, नुकतंच घरातलं माणूस गेलं असेल, नैराश्यावर औषधं चालू असतील किंवा डोळे मिटले की जुना आघात समोर येत असेल, तर हे एकट्याने सुरू करू नका. डॉक्टरांशी बोला आणि अनुभवी शिक्षकासमोर बसा.

पहिला आणि दुसरा आठवडा: श्वास आणि परतीचा सूर

रोज पंधरा मिनिटं, शक्यतो एकाच वेळी. आमच्याकडे पहाटे पाणी येतं, त्याआधीची पंधरा मिनिटं माझी. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर बसा, पाय जमिनीवर टेकवा, पाठ सरळ पण लाकडासारखी ताठ नको. गजर लावून फोन पालथा ठेवा.

नाकपुड्यांच्या तोंडाशी, वरच्या ओठावर, श्वास आत जाताना आणि बाहेर येताना जिथे लागतो तिथे लक्ष ठेवा. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही. हवं तर बाहेर जाणारे श्वास एक ते दहा मोजा आणि परत एकवर या. आकडा हुकला तरी एकपासून. मन जाईल, गॅस बंद केला का इथपासून भाच्याच्या लग्नातल्या मानपानापर्यंत. लक्षात आलं की परत या.

सगळा धडा या परत येण्यात आहे. मन भटकल्याचं कळल्यावर पहिल्या क्षणी तुम्ही स्वतःला काय म्हणता, ते ऐका. “शी, दोन मिनिटंही जमत नाही!” हा सूर ओळखीचा वाटेल. मुलाच्या हातून दूध सांडलं की हाच लागतो, नवख्या सहकाऱ्याची चूक निघाली की हाच लागतो. स्वतःसाठी एक आणि लोकांसाठी दुसरा असे दोन आवाज माणसाकडे नसतात. म्हणून या दोन आठवड्यांत मन किती वेळ स्थिर राहिलं हे मोजू नका. रांगतं मूल उंबऱ्याकडे गेलं की आपण त्याला उचलून परत सतरंजीवर ठेवतो, तसं मनाला पंधरा मिनिटांत चाळीस वेळा उचलून आणायचं.

हा भाग कंटाळवाणा म्हणून लोक गाळतात आणि थेट ‘सगळ्यांचं भलं होवो’वर जातात. तसं करू नका. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१३ सालचा एक प्रयोग मला यासाठी फार आवडतो. काही लोकांना आठ आठवडे ध्यान शिकवलं, काहींना प्रतीक्षायादीत ठेवलं. मग एकेकाला बोलावून तीन खुर्च्यांच्या खोलीत थांबायला सांगितलं. दोन खुर्च्यांवर संशोधकांचीच माणसं, तिसरीवर हा. थोड्या वेळाने कुबड्या घेतलेली एक बाई येते आणि कण्हत भिंतीला टेकून उभी राहते. आधीचे दोघे ढिम्म. हा उठतो का? ध्यान न केलेल्यांपैकी १६ टक्के उठले, ध्यान केलेल्यांपैकी निम्मे. मौज म्हणजे ध्यानाचे वर्ग दोन प्रकारचे होते, एकात करुणेवर चर्चा व्हायची आणि दुसऱ्यात फक्त लक्ष स्थिर करायला शिकवायचे. दोन्ही वर्गांतले लोक जवळपास सारखेच उठले.

लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर काढून बसणाऱ्यांना या प्रयोगाचं मोल वेगळं सांगायला नको. तरी फार हुरळूनही जाऊ नका. प्रयोगात माणसं चाळीसच्या आसपास होती. आणि ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये २०१८ साली अशा बऱ्याच अभ्यासांचा आढावा आला, त्यात परिणाम बेताचाच दिसला. करुणा वाढल्याचं तर प्रामुख्याने तिथेच आढळलं, जिथे ध्यान शिकवणारा स्वतःच त्या शोधनिबंधाचा सहलेखक होता. ध्यानाचं इंजेक्शन टोचलं आणि माणूस दयाळू झाला, असं होत नाही. सराव कसा करता, यावर सगळं आहे.

तिसरा आठवडा: आता नाव ठेवा

बसणं तसंच, वेळ वीस मिनिटं. आता मन भटकलं की परत येण्याआधी, जे उठलं त्याला एका शब्दाचं नाव द्या. ‘विचार’. ‘चिडचिड’. ‘बेत’. ‘तुलना’. ‘आठवण’. मनात, हळू, एकदाच. नेमका शब्द शोधत बसू नका, सापडला नाही तर ‘काहीतरी’ म्हणा आणि श्वासावर या.

इथे नावं ठेवण्याची आपली जुनी कला कामाला येते, फक्त पत्ता बदलतो. “वहिनी खोचक आहे” असं मनात आलं, तर वहिनीला नाव ठेवलं. तेच पकडून ‘बोच’ म्हटलं, तर आपल्यात जे उठलं त्याला नाव ठेवलं. पहिलं खरं की खोटं यावर तासभर वाद घालता येतो. दुसऱ्यावर वादच नाही, बोच तर आहेच.

नाव दिल्यावर दोन श्वास शरीरात शोधा. राग बहुतेकांना जबड्यात किंवा छातीत सापडतो, हेवा माझ्या तरी पोटात वरच्या बाजूला असतो, तुच्छता नाकाच्या शेंड्यावर. हसू नका, आरशात बघा, कुणाबद्दल ‘काय हे’ वाटलं की वरचा ओठ किंचित उचलला जातो. आपण जाणीवपूर्वक मत बनवण्याआधी बऱ्याचदा अंगाने ते बनवलेलं असतं.

चौथा आठवडा: चिंचोके

आता आसनावरून उठायचं. वीस चिंचोके घ्या (खडे, मणी, काहीही चालेल) आणि उजव्या खिशात ठेवा. मनात कुणालाही नाव ठेवलं की एक चिंचोका डाव्या खिशात. चांगलं नावही मोजा, कारण ‘किती साधी आहे बिचारी’ हाही शेराच आहे. थांबवायचं काही नाही, फक्त मोजायचं.

पहिल्या दिवशी ठाणं येईपर्यंत माझे नऊ गेले आणि दादरला खिसा रिकामा. त्यातले चार कपड्यांवरून होते, तीन “कुठे उतरणार?” विचारण्याच्या तऱ्हेवरून, एक मोठ्याने फोनवर बोलणारीसाठी आणि एक त्या फोनवालीकडे डोळे वटारणारीसाठी. म्हणजे बोलणारीही चूक आणि तिला रोखणारीही चूक. बरोबर कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल.

एक प्रकारचा चिंचोका मात्र लवकर हलत नाही, कारण तो आपल्याला शेरा वाटतच नाही. नवीन माणूस भेटला की आपण आडनाव विचारतो. आडनाव कळलं की मनात एक कप्पा उघडतो आणि माणूस त्यात जाऊन बसतो, इतक्या मुकाट्याने की कडी वाजल्याचंही ऐकू येत नाही. तो मोजा. मोजताना लाज वाटली तर ‘लाज’ असं नाव द्या आणि तरीही मोजा.

संध्याकाळी एकच प्रसंग वहीत लिहा, तीन ओळींत. पहिली ओळ: सीसीटीव्हीत काय दिसलं असतं? ‘त्याने मी बोलत असताना घड्याळ पाहिलं.’ दुसरी: मी त्याला काय जोडलं? ‘त्याला माझी किंमत नाही.’ तिसरी: अंगात कुठे लागलं? ‘घशात.’ आठवडाभराने वही चाळली की लक्षात येतं, पहिल्या ओळी रोज वेगळ्या आहेत आणि दुसरी ओळ फिरून फिरून तीच. माझ्या वहीत सातपैकी पाच दिवस ‘मला गृहीत धरतात’ होतं. पाच दिवस, पाच वेगळी माणसं. इतक्या माणसांनी एकाच आठवड्यात ठरवून मला गृहीत धरलं असेल, याची शक्यता जरा कमीच.

आणखी एक तपासणी हवी असेल तर तोच प्रसंग उलटा करा. मी उशिरा पोहोचले, तर लोकल लेट होती. ती उशिरा आली, तर तिला वेळेची कदर नाही. स्वतःच्या वागण्याला परिस्थिती आणि दुसऱ्याच्या वागण्याला स्वभाव, ही आपली कायमची वाटणी. यातल्या दुसऱ्या भागाला, म्हणजे परिस्थिती न बघता दुसऱ्याच्या स्वभावावर बोट ठेवण्याला, मानसशास्त्रात ली रॉस यांनी १९७७ साली मूलभूत चूक म्हटलं. आपल्या सासवासुनांना ती त्याआधीपासून ठाऊक आहे, अर्थात एकमेकींची.

पाचवा आणि सहावा आठवडा: मैत्री, सोप्याकडून

आता वीस मिनिटांची वाटणी अशी: दहा मिनिटं श्वास, दहा मिनिटं मैत्री.

विशुद्धिमग्गातला क्रम स्वतःपासून सुरू होतो, मग आदरणीय किंवा प्रिय व्यक्ती, मग तटस्थ, मग वैरी. सुरुवातीला कुणाला घेऊ नये हेही तिथे बजावलेलं आहे: नावडता माणूस, अतिशय जिवलग माणूस, वैरी, आणि मृत व्यक्ती तर मुळीच नाही. जिवलग का नाही, तर त्याचं जरा काही बिनसलं की आपल्याच डोळ्यांत पाणी येतं आणि ध्यान राहतं बाजूला.

स्वतःपासून सुरुवात करताना मराठी माणूस अवघडतो. आपणच आपल्याला काय आशीर्वाद द्यायचा! तसं होत असेल तर ज्या व्यक्तीने कधीतरी तुमचं निखळ भलं चिंतलं, अशी एक हयात व्यक्ती आधी घ्या. शाळेतल्या बाई, गावाकडची मावशी. त्यांचा चेहरा आठवा, दोन श्वास थांबा आणि मनात म्हणा:

तुमचं भलं होवो.
तुम्हाला बरं वाटो.
तुमची भीती सरो.
तुमचे दिवस सोपे जावोत.

प्रत्येक ओळ एका बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर. चार ओळी झाल्या की पुन्हा पहिलीवर. पाचेक मिनिटांनी त्या व्यक्तीच्या शेजारी स्वतःला नेऊन बसवा आणि ‘आमचं भलं होवो’ म्हणा. शेवटी ‘माझं’. असं मागच्या दाराने आत यायला हरकत नाही.

शब्द बदलले तरी चालतील, पण तोंडात बसणारे हवेत. मला पुस्तकी ‘निरामय’ कोरडं लागतं, ‘बरं वाटो’ म्हटलं की खरंच कुणाच्या कपाळावर हात ठेवल्यासारखं होतं.

काहीच वाटत नाही, नुसती पाटी वाचल्यासारखं होतं, ही तक्रार जवळपास सगळ्यांची असते. चालू ठेवा. इथे भावना निर्माण करायची नसून मनाचा कल वळवायचा आहे. लिंबाच्या रोपाला रोज पाणी घालताना आपल्याला भरून येत नाही, तरी पाणी पोचतं.

सातवा आठवडा: ज्याच्याशी देणंघेणं नाही तो

हा टप्पा लोक झटपट उरकतात. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

रोज दिसणारा, पण आवडता-नावडता काहीच नसलेला एक माणूस निवडा. इस्त्रीवाला, बँकेतला शिपाई, रोज त्याच डब्यात चढणारी अनोळखी बाई. पूर्ण आठवडा तोच माणूस, त्याच चार ओळी. अशा माणसांना आपण नावं ठेवत नाही, पण ते काही आपल्या मोठेपणामुळे नाही. आपण त्यांना पाहिलेलंच नसतं.

मी आमच्या मजल्यावरून ओला-सुका कचरा नेणारा मुलगा निवडला. चौथ्या दिवशी चेहरा आठवायला बसले तर चेहराच येईना. सहा वर्षं तो रोज दारात येत होता. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दार उघडून उभी राहिले. तो रिकामी बादली ठेवताना तिची कडी दाराकडे वळवून ठेवतो, म्हणजे आतून उचलणाऱ्याला वाकून फिरवावी लागत नाही. प्रत्येक दारासमोर. मी ते रोज वापरत होते आणि मला ठाऊक नव्हतं.

बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धाच्या शिकवणीची मांडणी करताना करुणेच्या पुढे मैत्री ठेवली: करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जीवांसाठी. दया दाखवायला समोरचा खाली असावा लागतो. मैत्रीला तशी अट नाही, आणि कचऱ्याची बादली हातात असलेल्या माणसासमोर हा फरक चटकन कळतो.

आठवा आठवडा: नको असलेला माणूस

छळ, मारहाण, फसवणूक केलेल्या माणसापासून सुरुवात करायची नाही. दहापैकी दहा त्रासाचा माणूस कदाचित कधीच घेऊ नये, आणि त्याची कुणावर सक्तीही नाही. दहापैकी तीनचा घ्या.

माझ्यासाठी त्या आमच्या वरच्या काकू. पहाटे साडेपाचला खलबत्त्यात दाण्याचं कूट, नेमकं माझ्या डोक्यावर. मी बसते तीच वेळ. कृती अशी: आधी पाच मिनिटं श्वास. मग प्रिय व्यक्तीला चार ओळी. मग काकूंचा प्रसंग, फक्त सीसीटीव्हीत दिसेल तेवढा. अंगात कुठे लागलं ते शोधा, नाव द्या, तिथेच दोन-तीन श्वास राहा. मग ‘माझ्यासारखंच’ने सुरू होणारी वाक्यं: माझ्यासारखंच यांनाही वेळेत डबा व्हायला हवाय. माझ्यासारखीच यांचीही झोप अपुरी असते. माझ्यासारखंच यांनाही वाटतं की आपलं कुणी ऐकत नाही. आणि शेवटी चार ओळी. त्या खोट्या वाटल्या तर पहिलीऐवजी ‘तुमच्याबद्दलचा माझा राग आज एवढा आहे’ असं प्रामाणिकपणे म्हणा आणि प्रिय व्यक्तीकडे परत जा. चार दिवस असंच जाऊ शकतं.

राग हटतच नसेल तर बुद्धघोषाने उपायांची लांबलचक यादी दिली आहे. त्या माणसाचा एखादा तरी चांगला गुण आठव. रागाने आधी तुझंच नुकसान होतंय ते बघ. तेही जमेना, तर विचार कर, तू नक्की कशावर रागावला आहेस? त्याच्या केसांवर? नखांवर? (पहाटे साडेपाचला हा प्रश्न स्वतःला विचारून बघा, हसू फुटतं आणि अर्धं काम तिथेच होतं.) यादीच्या अखेरीस सगळ्यात व्यवहारी उपाय येतो: त्याला काहीतरी दे. मी काकूंना कैरीच्या लोणच्याची वाटी नेऊन दिली.

‘बिचारा’ हेही नावच

करुणेचा सराव वाढला की दोन खड्डे लागतात. पहिला, दुसऱ्याचं दुःख गिळून स्वतःच आजारी पडणं. घरात रुग्ण सांभाळणाऱ्यांचं, परिचारिकांचं असं होतं. ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर या मेंदूच्या अभ्यासकांनी लोकांना आधी दुसऱ्याच्या दुःखाशी समरस व्हायला शिकवलं, तेव्हा दुःखाची दृश्यं बघून त्यांची उदासी वाढली. त्याच लोकांना नंतर करुणेचा, म्हणजे भलं चिंतण्याचा सराव दिल्यावर ती उतरली आणि मन पुन्हा वर आलं. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणून समोरचं दुःख पाहून छाती जड झाली की तिथे अडकून राहू नका, बाहेर जाणाऱ्या श्वासाबरोबर ‘तुम्हाला बरं वाटो’ म्हणा. दिशा आतून बाहेर हवी.

दुसरा खड्डा कीव. ‘बिचारी’ म्हणताना आपण साखर लावून नावच ठेवतो. ओळखायची खूण सोपी आहे: ज्याची कीव केली त्याने उद्या आपल्यापेक्षा मोठं घर घेतलं, तर आपल्याला कसं वाटेल?

उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे

मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या आनंदात आनंद) आणि उपेक्खा (म्हणजे उपेक्षा) हे बौद्ध परंपरेतले चार ब्रह्मविहार, म्हणजे मनाच्या उदात्त अवस्था, आणि पतंजलीच्या योगसूत्रांतही पहिल्या पादाच्या तेहतिसाव्या सूत्रात हीच चौकडी येते. मराठीत मात्र ‘उपेक्षा’ या शब्दाची दशा झाली आहे, आपण ‘उपेक्षित’ म्हणतो ते टाकून दिलेल्याला. मूळ अर्थ समतोल ठेवून, जवळून बघणं. बेपर्वाई तिच्यासारखीच दिसते, म्हणून बुद्धघोष अशा भावाला ‘जवळचा शत्रू’ म्हणतो.

व्यवहारात याचा अर्थ असा, की नावं न ठेवणं म्हणजे सहन करणं नाही. काकूंना लोणचं दिलं, पण मी स्पष्ट विचारलंही, “काकू, खलबत्त्याखाली जाड गोणपाट घालाल का? खाली फार आवाज येतो.” कर्ज बुडवणाऱ्याला पुन्हा उसने देऊ नयेत. घरात कुणी हात उगारत असेल तर त्याच्यासाठी मैत्री करत बसायचं नाही, बाहेर पडायचं आणि ११२ ला फोन करायचा. आणि ज्याला पिढ्यान्‌पिढ्या आडनावावरून जोखलं गेलं, त्याला ‘तू मनात कटुता ठेवू नकोस, ध्यान कर’ असं सांगणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. हा सराव आधी जोखणाऱ्याने करावा.

पुढे रोज

आठ आठवड्यांनंतर वीस मिनिटांची बैठक पुरते, आणि माणसं फिरवत राहायची: एक आठवडा प्रिय, एक तटस्थ, एक तीन गुणांचा त्रासदायक. फलाटावर उभ्या उभ्या एकेका अनोळखी माणसाला एक ओळ देता येते. व्हॉट्सॲपच्या कुटुंबाच्या ग्रुपवर उत्तर लिहून झालं की पाठवण्याआधी एक पूर्ण श्वास घ्यायचा, या एका नियमाने आमच्याकडची दोन भांडणं टळली आणि तिसरं तरीही झालं.

आणि घरून दहा मिनिटं आधी निघा. हा सल्ला ध्यानाच्या लेखात विचित्र वाटेल. प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅटसन यांनी १९७३ साली धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या परक्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत खरोखरच एक माणूस कण्हत बसवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. ‘उशीर झालाय, पळा’ म्हणून सांगितलेल्यांतले फक्त १०. भाषणाचा विषय कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सकाळची बैठक कितीही छान झाली तरी ८.१२ ची फास्ट सुटत असताना माझ्या करुणेचा काही भरवसा नाही, हे मला माहीत आहे, म्हणून मी ७.५५ लाच फलाटावर असते.

वरच्या काकूंचा खलबत्ता चालूच आहे. गोणपाट घातलं असावं, कारण आवाज आता ‘ठण्’ न येता ‘धप्’ येतो, आणि मी त्याला बैठकीची घंटा धरून चालते. आपल्याकडे शेजारून आलेली वाटी रिकामी परत करत नाहीत. लोणच्याला आता पाच महिने झाले. परवा फडताळ आवरताना त्या सेटमधली एक वाटी कमी दिसली आणि मनात लगेच आलं, “यांना साधी वाटी परत करायचंही कळत नाही.”

एक चिंचोका डाव्या खिशात.